नकाशाच्या पाठीवरचा फोटो

रस्ते खात्यात वरच्या खुर्चीवरून कोण उठणार आणि कोण बसणार, हे सगळ्यात आधी तळघरातल्या नकाशाच्या खोलीला कळतं. त्यात जादू काही नाही. राज्याचा फुकट वाटायचा रस्त्यांचा नकाशा दर दोन वर्षांनी नव्याने छापतात. त्याच्या पाठीवर, डोंगरांच्या आणि मासे धरून उभ्या असलेल्या हौशी माणसांच्या रंगीत चित्रांशेजारी, दोन फोटो असतात. एक गव्हर्नरचा, एक खात्याच्या संचालकाचा, आणि त्याखाली संचालकाचं प्रवाशांना लिहिलेलं पत्र. छापखाना कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे वर्तमानपत्रांना, विधिमंडळाला आणि कधीकधी खुद्द त्या माणसाच्या सासूला कळायच्या आधी त्याचं नाव आणि फोटो तळघरात येऊन पडलेला असतो.

म्हणून नकाशाच्या वर्षी मार्च उजाडला की या खोलीत डोनट यायला लागत. पूल विभागातलं कुणीतरी खोका घेऊन येई, "सहज खाली आलो होतो" म्हणे आणि कोपऱ्यातल्या संगणकाकडे मान लांब करून बघे. रोवेना स्कागेन डोनट घेई, आभार मानी आणि पडदा काळा करी. अठ्ठावीस वर्षं ती या खोलीत होती, त्यातली सोळा खोलीची प्रमुख म्हणून, आणि एवढ्या वर्षांत चार संचालक झाले तरी तिच्या तोंडून एक अक्षर वेळेआधी बाहेर पडलं नव्हतं. तोंडातून काही निघत नाही म्हटल्यावर लोक तिचा चेहरा वाचायला लागले. रोवेना जिन्यात हसली म्हणजे अमुक, जेवायला उशिरा आली म्हणजे तमुक. चांगली शिकलेली माणसं, दऱ्यांवर पूल टाकतात, डोंगर पोखरतात, आणि एका बाईच्या भुवयांवरून खात्याचं भवितव्य काढतात. तिला गंमत वाटे. खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही वाटे.

या वर्षी मात्र कुणाला फारसं वाचायचं नव्हतं. सगळ्यांनी मनाशी नाव पक्कं करून टाकलं होतं. वेंडेल ऑस्टबी.

वेंडेल चौदा महिने प्रभारी संचालक होता. कॉलेजात असल्यापासून अकरा हिवाळे तो खात्याचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. तिथून चढत चढत मुख्य अभियंता झाला. आधीचे संचालक वॉशिंग्टनला गेले तेव्हा जुन्या गव्हर्नरांनी त्याला बोलावून सांगितलं, निवडणुकीचं वर्ष आहे, नवं नाव काढलं की भांडणं होतील, तोवर तूच बघ. वेंडेलने बघितलं. पण प्रभारी व्हायचं तर मुख्य अभियंत्याची खुर्ची सोडावी लागते. ती खुर्ची पक्की, कायद्याने बांधलेली, तिच्यावरून माणसाला उठवायचं तर महिनोन्‌महिने चौकशी चालवावी लागते. वरची खुर्ची गव्हर्नरच्या मर्जीची, सकाळी आहे तर दुपारी नाही. परत खाली यायचा हक्क राहील असं लेखी घे, म्हणून त्याला दहा जणांनी सांगितलं. "दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. कागद हातात आल्याशिवाय ओढ्यावर साधा साकव न टाकणारा माणूस, आणि स्वतःच्या बाबतीत तोंडी बोलण्यावर विसंबला. दोन-तीनाचे चौदा झाले आणि मधल्या काळात त्याची जुनी खुर्ची भरली गेली.

जानेवारीत नव्या गव्हर्नरांनी शपथ घेतली. प्रथेप्रमाणे सगळ्या खातेप्रमुखांनी तारीख न घातलेले राजीनामे त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले, वेंडेलनेही ठेवला. गव्हर्नर ज्यांना ठेवतात त्यांचे कागद फाडून टाकतात. मार्च आला तरी वेंडेलचा कागद फाडल्याची बातमी नव्हती, आणि त्यावर तारीख पडल्याचीही नव्हती.

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रोवेनाच्या संगणकावर गव्हर्नरच्या कार्यालयातून पत्र आलं. पाठवणारी केंड्रा व्हॅलेन, नेमणुकांचं काम बघणारी तिशीच्या आतली मुलगी, अतिशय नम्र. सोबत फोटो होता. पन्नाशीची एक बाई, आखूड करडे केस, निळा कोट, चेहरा हुशार. नाव कोलीन टेबर. दक्षिणेकडच्या शेजारच्या राज्यात ती उपसंचालक होती. केंड्राने लिहिलं होतं: नकाशाच्या पाठीवर हा फोटो आणि हे नाव घालावं. संचालकाच्या पत्राचा मजकूर आहे तसाच ठेवावा, छान आहे. घोषणा शुक्रवारी अकराला. तोवर खात्यातल्या कुणालाही पाठीकडची बाजू दाखवू नये. ती आमच्याकडून मंजूर आहे असं समजून थेट छापखान्यात पाठवावी.

रोवेनाने ते दोनदा वाचलं. मग तिने टेबरबाईंबद्दल जेवढं सापडेल तेवढं शोधून वाचलं. बाईंचं काम चांगलं होतं. वादळात अडकलेल्या तीनशे गाड्या त्यांनी एका रात्रीत बाहेर काढल्या होत्या, संप मिटवला होता, एक पूल वेळेआधी पुरा केला होता. रोवेनाला वाटलं, एखादा गव्हर्नरचा गोल्फमधला दोस्त असता तर बरं झालं असतं. निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"काय गं, तोंड का एवढं पडलंय?" समोरच्या टेबलावरून मोरी म्हणाला. मोरी तिचा बारा वर्षांचा सहकारी, नद्या आणि तळी त्याच्याकडे.

"दात दुखतोय."

"डावा की उजवा?"

"तू दंतवैद्य आहेस का?"

"नाही, पण वर तिसऱ्या मजल्यावर विचारतील ना. मला सविस्तर सांगता यायला हवं."

अकरा वाजेपर्यंत रोवेनाचा दात इमारतभर झाला होता.

वेंडेल आणि रोवेना एकाच वर्षी या इमारतीत आले. ती नकाशे काढायला, तो पुलांची गणितं करायला. तिचा नवरा कार्ल दोन हिवाळे अंथरुणावर होता, तेव्हा बर्फ पडलेल्या प्रत्येक सकाळी वेंडेल ऑफिसला जायच्या आधी तिच्या दारातला बर्फ काढून जायचा. घंटी वाजवायचा नाही. ती उठून खिडकीतून बघायची तेव्हा गाडी निघायची वाट मोकळी झालेली असायची. कार्लच्या अंत्यविधीनंतरही तो उरलेला हिवाळा त्याने ते चालू ठेवलं. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. त्या राज्यात अशा गोष्टी बोलायची पद्धत नाही.

मंगळवारी कँटीनमध्ये चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा रोल असतो, शाळेत मिळायचा तसाच, एकाच ताटात. रोवेना कोपऱ्यातल्या टेबलावर बसली होती. वेंडेल ताट घेऊन आला आणि समोर बसला.

"दाताचं ऐकलं," तो म्हणाला. "मग गोड कशाला खातेस?"

"ताटात आलं म्हणून."

त्याने रोलचा तुकडा चिलीत बुडवला. "तुला एक सांगायचंय. हार्लो काउंटीने मला विचारलंय. त्यांचा रस्त्यांचा अभियंता निवृत्त होतोय."

हार्लो म्हणजे त्याच्या बायकोचं, आर्लीनचं माहेर. मुलगी आणि दोन नातवंडंही तिथेच. रोवेनाने चमचा खाली ठेवला. "मग?"

"मग काय. पक्की नोकरी आहे. चारशे मैल रस्ते, अर्धे कच्चे, सहा माणसं, रस्ता सपाट करायचे दोन ग्रेडर. उद्या संध्याकाळी सहाला त्यांच्या मंडळाची बैठक आहे, त्याआधी हो की नाही कळवायचंय. आर्लीन म्हणते, डोळे मिटून घे. मी म्हणतो, चौदा महिने हे ओझं वाहिलं, आता निकाल आठवड्यावर आलाय तर शेपूट घालून पळायचं कशाला?"

"पळण्याचा काय संबंध?"

"लोक तसंच म्हणतील. आणि समजा इथे मिळालं नाही, तर मी रस्त्यावर. रस्ते खात्याचा माणूस रस्त्यावर." तो स्वतःच हसला. "एकसष्टाव्या वर्षी मला दुसरं कोण विचारणार आहे?"

हे सगळं तो ताटाकडे बघत बोलला. मग त्याने मान वर केली आणि रोवेनाकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, किंचित वर, भुवयांकडे. पूल विभागातले लोक बघायचे तसं. एवढ्या वर्षांत त्याने तसं कधी बघितलं नव्हतं. आपल्याला विचारलं जातंय हे रोवेनाला लख्ख कळलं. चिलीचा मोठा घास तोंडात घालून तिने चेहरा होता तिथे ठेवला. त्या कामात तिचा हात कुणी धरला नसता.

घास गिळल्यावर ती म्हणाली, "नीट विचार कर, वेंडेल."

"तेच करतोय," तो म्हणाला. थोडा वेळ ते टॅमरॅक खिंडीत साचलेल्या बर्फाबद्दल बोलले. मग तो ताट उचलून गेला. जाताना कुणाशी तरी थट्टा करत होता.

दुपारभर रोवेना मनाची समजूत घालत राहिली. नीट विचार कर म्हटलंय आपण. शहाण्याला एवढं पुरे. जे मिळणारच आहे त्याबद्दल कुणी कुणाला नीट विचार कर म्हणतं का? त्याने ओळखलं असेल. आणि नसेल ओळखलं तरी उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तिच्यावर गव्हर्नरच्या कार्यालयाने विश्वास टाकला होता, आधीच्या चार जणांनीही टाकला होता, आणि तो एकदा मोडला की या खोलीला कोण विचारतो? एकामागून एक कारणं येत होती आणि सगळी रास्त होती. तरी तिने त्या दिवशी सरहद्दीवरचा एक अख्खा रस्ता चुकून पुसला आणि मोरीने तो परत काढला.

तिला नियम आठवला तो बुधवारी सकाळी, दात घासताना.

तो नियम तिच्या पहिल्याच वर्षीचा. त्या साली नकाशा छापून झाला, तीन लाख प्रती बांधून तयार, आणि आठव्या दिवशी संचालकांनी राजीनामा दिला. नव्या संचालकांना आपला चेहरा हवा होता. कागद फुकट घालवायला विधिमंडळ तयार नव्हतं. शेवटी नव्या चेहऱ्याच्या चिकटपट्ट्या छापल्या आणि नकाशाच्या खोलीतली सगळी माणसं एप्रिलभर चेहऱ्यावर चेहरा डकवत बसली. रोवेनाच्या हातून कितीतरी तिरपे बसले. त्यानंतर नियम झाला: छपाईच्या दिवशी जो कुणी संचालकाच्या खुर्चीत असेल, पक्का किंवा प्रभारी, त्याने प्रत्येक घडीवर, दोन्ही बाजूंनी, स्वतःच्या हाताने आद्याक्षरं घालायची. त्याशिवाय छापखान्याने कागदाला हात लावायचा नाही.

आठला तिने छापखान्यात फोन लावला. अर्ल तिथला जुना माणूस.

"पाठीकडची बाजू गव्हर्नरच्या कार्यालयाने मंजूर केलेली असेल तर चालेल का?" तिने विचारलं.

"बाई, आज काय झालंय तुम्हाला? नियम तुम्हीच मला दर वेळी ऐकवता. संचालकाची आद्याक्षरं. गव्हर्नर स्वतः शाईची बाटली घेऊन आले तरी त्यांना चहा पाजून परत पाठवीन."

"आणि कागद कधीपर्यंत घ्याल?"

"आज चारपर्यंत. चारला खिडकी बंद. उद्यापासून शिकारीच्या परवान्यांची छपाई आहे."

मग तिने केंड्राला फोन करून नियम सांगितला. केंड्रा घोटाळ्यात पडली. "मॅडम, पाठीकडची बाजू झाकून सही नाही का घेता येणार?"

"प्रत्येक घडीवर लागते. दोन्ही बाजूंना."

"मग शुक्रवारी अकरानंतर घेतली तर?"

"मग नकाशा जुलैत येईल. तोवर पर्यटक येऊन हरवून परत गेलेले असतील."

केंड्राने फोन बाजूला ठेवला. कुणाला तरी विचारून आली असावी. "बरं मॅडम. फक्त ऑस्टबीसाहेबांना. आणि त्यांना म्हणावं, शुक्रवारपर्यंत बाहेर बोलू नका."

फोन ठेवला तेव्हा रोवेनाला स्वतःचं फार कौतुक वाटलं. शब्द मोडला नाही, नियमही पाळला आणि माणसाला वेळेवर कळणार. सगळं कसं बिनबोभाट जमून आलं. तो नियम मंगळवारीही तिच्या खणातल्या वहीत लिहिलेला होता, पण हा विचार तिने पुढे जाऊ दिला नाही.

प्रूफ निघायला दुपारचे दोन वाजले. गुंडाळी काखेत घेऊन ती तिसऱ्या मजल्यावर गेली. बैठक सहाला. चार तास हातात होते.

वेंडेल संचालकाच्या खोलीत बसत असला तरी त्याने ती कधी आपली केली नव्हती. भिंतीवर आधीच्या माणसाच्या फ्रेमांच्या खिळ्यांची भोकं तशीच होती. त्याचे स्वतःचे फोटो खोक्यात, खोकं रेडिएटरशेजारी. प्रभारी माणसाने भिंतीला खिळा मारला की नेमणूक होत नाही, असं त्या इमारतीत मानतात.

"आज आणलंस होय?" तो म्हणाला. "ये. पसर."

दोघांनी मिळून मोठ्या टेबलावर नकाशा पसरला आणि कोपऱ्यांवर कपबशा ठेवल्या. वेंडेलने चष्मा बदलला, लाल पेन्सिल काढली आणि नेहमीसारखी वायव्य कोपऱ्यापासून सुरुवात केली. पट्टी ठेवून, ओळ ओळ करत. बाकीचे संचालक दोन मिनिटांत अक्षरं मारून देत. हा मुख्य अभियंता होता तेव्हाही खाली येऊन एकेक रस्ता बोटाने चालून बघायचा.

"टॅमरॅकचा विसावा उघडा दाखवलायस. ऑक्टोबरपासून बंद आहे. लोक पोरंबाळं घेऊन थांबतील आणि दाराला कुलूप."

"काढते."

"आणि इथे डांबर नाही, खडी आहे. गेल्या वर्षी उखडलं ते परत केलंच नाही." त्याने खूण केली. "माझ्याच काळात. लाज वाटते, पण खडी ती खडी."

आठ घड्यांवर आठ वेळा त्याने आद्याक्षरं घातली. पाऊण तास गेला. रोवेना खुर्चीत बसली नव्हती. मग त्याने कपबशा बाजूला केल्या आणि कागद उलटा केला.

त्याने फोटो बघितला, खालचं नाव वाचलं. हातातली पेन्सिल त्याने टेबलाच्या कडेला समांतर ठेवली, मग परत उचलली.

"बरं," तो म्हणाला.

मग तो फोटोखालचं पत्र वाचायला लागला. पत्र त्यानेच लिहिलेलं होतं, फेब्रुवारीत, एका रविवारी घरी बसून. प्रवाशांनो, या, सावकाश चालवा, हरणं संध्याकाळी रस्त्यावर येतात, खिंडीत फोन लागत नाही. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: टॅमरॅक खिंडीत मी स्वतः अकरा हिवाळे बर्फ काढला आहे, म्हणून सांगतो, फाटक बंद असेल तर ते उगाच बंद नसतं. त्याखाली आता कोलीन टेबर हे नाव होतं.

वेंडेलने ते वाक्य लाल पेन्सिलने सरळ रेघ ओढून काढून टाकलं. पट्टी न धरताही रेघ सरळ आली.

"हे काढ. बाईंनी ती खिंड अजून बघितलीसुद्धा नसेल. नकाशावर खोटं जाता कामा नये."

"तुझं सगळं पत्रच काढते. मी केंड्राला सांगते, नवीन लिहून—"

"कशाला? हरणं तीच आहेत. बाकीचं कुणाच्याही नावाखाली खरंच राहील." त्याने पाठीकडच्या घड्यांवर अक्षरं घातली. फोटोच्या घडीवरही घातली, चेहऱ्याला लागणार नाही अशी, कोपऱ्यात.

रोवेनाने घड्याळ बघितलं. तीनला दहा कमी. "वेंडेल, हार्लोची बैठक सहाला आहे. अजून तीन तास आहेत. आत्ता फोन कर. मी बाहेर थांबते."

त्याने चष्मा काढला. "म्हणून आज घाईघाईने वर आणलंस?"

"नियम आहे."

"नियम आहे खरा." तो किंचित हसला. "हार्लोला मी नाही म्हणून कळवलं."

"कधी?"

"काल. जेवण झाल्यावर वर आलो आणि लगेच फोन केला. त्यांच्याकडे दुसरा एक जण होता, दोन राज्यं ओलांडून यायचा होता बिचारा, घर विकायचं होतं त्याला. माझ्यासाठी त्याला लोंबकळत ठेवणं बरं दिसलं नाही. त्यांनी कालच त्याला कळवलं. आज सकाळी त्याने होकार दिला."

"पण तुला आजपर्यंत मुदत होती. काल तर तुला काहीच कळलेलं नव्हतं." रोवेनाचा आवाज चढला. "तुला इतकं पक्कं वाटायला असं झालं तरी काय?"

वेंडेलने फोटोवर बोट ठेवलं. मग त्याने विचारलं, "हा कधी आला तुझ्याकडे?"

"काल सकाळी. नऊ दहाला."

"म्हणजे जेवताना होता."

"होता."

त्याने मान हलवली, एखादं गणित जुळल्यासारखी. "मला वाटलं, एक तर अजून काही आलेलं नाही, नाहीतर आलंय आणि ते माझंच आहे. तू तोंडाने सांगणार नाहीस हे मला ठाऊक होतं, आणि मला तोंडाने नकोच होतं. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर रोवेनाने निदान मला तरी काहीतरी दाखवलं असतं. नुसती मान हलवली असती. मी बघत होतो."

"मी म्हटलं होतं, नीट विचार कर."

"हो. त्यावरच तर नक्की केलं. नाव माझं नसतं तर तू एवढ्या शांतपणे बोलली नसतीस, असं धरून चाललो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिने भांडून घेतलं असतं, मनाई होती म्हणून सांगितलं असतं, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस म्हणून विचारलं असतं. पण त्याने तिला काही विचारलंच नाही. त्याने कागदाची गुंडाळी केली, रबर लावलं आणि तिच्या हातात दिली.

"जा," तो म्हणाला. "विसाव्याचं विसरू नकोस. आणि चारला खिडकी बंद होते."

ती तळघरात आली, तिने कुलूपबंद विसावा नकाशावरून काढला, डांबराची खडी केली, ते एक वाक्य पुसलं. चारला सात कमी असताना अर्लने कागद घेतला, अक्षरं मोजली आणि शिक्का मारला. फोटो बघून तो काही बोलला नाही. छापखान्यातल्या माणसांना तशी सवय असते. रोवेना गाडीत येऊन बसली आणि बराच वेळ तिने किल्ली फिरवली नाही. आपण गुपित राखलं, असं तिला वाटत होतं. तिने राखली होती ती स्वतःची अठ्ठावीस वर्षांची ऐट. आणि त्याची किंमत आर्लीन भरणार होती, नातवंडं भरणार होती, तो भरणार होता. ती गाडीत बसून रडली, आणि रडून काही हलकं वाटलं नाही.

शुक्रवारी अकराला राजधानीच्या घुमटाखाली घोषणा झाली. प्रभारी माणसाने नव्याची ओळख करून द्यायची, अशी रीत आहे. वेंडेलने टाय लावला होता. तो टेबरबाईंचं काम नीट वाचून आलेला दिसत होता. तीनशे गाड्यांची हकिकत त्याने अशी सांगितली, की बाई स्वतः लाजल्या. टाळ्या झाल्या. बाईंनी भाषणात त्याचे आभार मानले आणि तो जूनपर्यंत मदतीला राहणार असल्याचं सांगितलं. जूनमध्ये त्यांचा स्वतःचा उपसंचालक तिकडून येणार होता. जूननंतरचं कुणी बोललं नाही.

गर्दी कॉफीकडे सरकली तेव्हा केंड्रा व्हॅलेन रोवेनाला शोधत आली. तिने रोवेनाचा हात दोन्ही हातांत धरला.

"मॅडम, गव्हर्नरसाहेबांनी तुमचे मुद्दाम आभार मानायला सांगितलंय. या वेळी प्रत्येक खात्यातून नावं फुटली. फक्त तुमच्याकडून नाही. एका माणसाला सुगावा लागला नाही. ऑस्टबीसाहेब तर तुमचे जुने मित्र ना? प्रूफ बघेपर्यंत त्यांनासुद्धा नाही. मी काल त्यांना विचारलं, तुम्हाला आधी अंदाज आला होता का? ते म्हणाले, अजिबात नाही, रोवेनाकडून कधीच काही कळत नाही. किती कौतुकाने सांगत होते."

घुमटाच्या पलीकडच्या बाजूला वेंडेल टेबरबाईंना काहीतरी समजावत होता. हात पुढे करून, तळवा उतरता धरून, खिंडीतल्या वळणासारखा. बाई मन लावून ऐकत होत्या.

"मी तर त्यांना म्हटलं," केंड्रा पुढे म्हणाली, "अशी माणसं हल्ली मिळत नाहीत."

"त्याला कळायला हवं होतं," रोवेना म्हणाली.

"काय म्हणालात, मॅडम?"

"मंगळवारी. जेवताना. मी त्याला सांगायला हवं होतं."

केंड्राला ते उमजलं नाही. ती हसली, रोवेनाचा हात थोपटला आणि पुढच्या माणसाचे आभार मानायला गेली.